मद्रास शहराचे पाणी

चेन्नई शहरात वर्षाकाठी सरासरी १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या पावसाच्या जवळजवळ दुप्पट असे हे प्रमाण आहे. सांगोला किंवा जत ह्या बाजूच्या मनुष्याला तर हा आकडा ऐकून हेवाच वाटावा. तरीही गेल्या अडीचशे वर्षांचा ह्या शहराचा इतिहास पाहू गेल्यास तो बव्हंशी पाण्याच्या शोधाचा इतिहास आहे असे दिसून येते. पाऊस आहे, समुद्र दाराशी आहे, कूवम आणि अडयार ह्या दोन नद्या शहरातून वाहतात आणि कोसस्थलैयार उत्तरेला जवळूनच समुद्राला मिळते. घागर मात्र रिकामी. असे का व्हावे ह्याचे उत्तर थोडेसे भूगोलात सापडते. बाकीचे इतिहासात शोधावे लागते.

भूगोलाचा भाग चटकन सांगून टाकता येईल. इकडचा मुख्य पाऊस आपल्यासारखा मृगापासून सुरू होत नाही. तो ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या तीन महिन्यांत, ईशान्येकडून, पुष्कळदा वादळाच्या पाठीवर बसून येतो आणि थोड्या दिवसांत सगळे देणे देऊन मोकळा होतो. जमीन सपाट आणि उताराला फारशी जागा नाही. म्हणून जुन्या काळच्या तमिळ गावकऱ्यांनी पाणी अडविण्यासाठी मातीचे लांबच लांब बांध घातले आणि त्यामागे उथळ, विस्तीर्ण तलाव तयार केले. ह्या तलावांना तमिळमध्ये ‘एरी’ म्हणतात. एकाचे पोट भरले की पाणी दुसऱ्यात जावयाचे, दुसऱ्याचे तिसऱ्यात. मद्रासच्या पश्चिमेला अशा एरींची मालिकाच होती. त्यांपैकी एका मोठ्या तलावाच्या जागेवर १९२० नंतरच्या दशकात त्यागरायनगर ही वसाहत उभी राहिली, आणि नुंगंबाक्कमच्या तलावाच्या जागी १९७०च्या दशकात तिरुवळ्ळुवरांचे स्मारक झाले. ज्या कवीने पावसाची थोरवी एका संपूर्ण अध्यायात गायिली, त्याचे स्मारक बुजविलेल्या तलावावर असावे, हा योगायोग मद्रासलाच शोभण्यासारखा आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ साली ही किनाऱ्याची वाळूची पट्टी मिळविली तेव्हा तिची नजर पाण्यावर नव्हती. स्वस्त कापडावर होती. पुढे सेंट जॉर्जचा किल्ला झाला. किल्ल्याच्या आत गोरी वस्ती आणि तटाबाहेर उत्तरेला विणकर, व्यापारी, दुभाषे आणि मजूर ह्यांची वस्ती, अशी शहराची मांडणी पहिल्यापासूनच झाली. ह्या बाहेरच्या वस्तीला इंग्रजांच्या दप्तरात ‘ब्लॅक टाऊन’ असे उघडउघड नाव होते. किल्ल्यात पुरेसे आणि खात्रीचे पाणी नव्हते. पखाली बैलांच्या पाठीवर चामड्याच्या पिशव्या लादून पाणी पुरवीत. हा शब्द मद्रासच्या पलटणींतील इंग्रजीत इतका रुळला की त्या भाषेच्या कोशातही त्याला जागा मिळाली.

शांततेच्या दिवसांत हे चालून जाई. वेढ्याच्या दिवसांत चालण्यासारखे नव्हते. १७५८-५९ मध्ये फ्रेंच सेनापती लाली ह्याने किल्ल्याला वेढा दिला. १७६९ मध्ये हैदर अली थेट मद्रासच्या वेशीवर येऊन थडकला आणि आपल्या मनासारखा तह करून घेऊन परत गेला. पाणी तटाबाहेर आणि शिपाई तटाच्या आत, ही स्थिती किती धोक्याची आहे हे ह्या दोन प्रसंगांनी कंपनीच्या ध्यानात आणून दिले असावे. १७७२ साली कॅप्टन बेकर नावाच्या अधिकाऱ्याच्या योजनेनुसार पेद्दनायकनपेटेत विहिरी खणण्यात आल्या. त्यांपैकी सात कायमच्या उपयोगाच्या ठरल्या, म्हणून त्या जागेला ‘सेव्हन वेल्स’ हे नाव पडले. विहिरींतील पाणी वर काढून नळांवाटे किल्ल्यात नेले जाई. मद्रासची ही पहिली संघटित पाणीयोजना होय.

ह्या योजनेचा नकाशा डोळ्यांपुढे आणला म्हणजे एक गोष्ट लक्षात आल्यावाचून राहात नाही. विहिरी होत्या त्या एतद्देशीयांच्या पेटेत. नळ जात होता तो किल्ल्याकडे. ज्यांच्या जमिनीतून पाणी निघाले, ती वस्ती आपापल्या आडांवर आणि देवळांच्या पुष्करिणींवर पूर्वीप्रमाणेच अवलंबून राहिली. कंपनीच्या दृष्टीने ह्यात काही अन्याय होता असे नाही. योजना लष्कराची होती, खर्च लष्कराचा होता. परंतु पाणी कोठून घ्यावयाचे आणि कोणाला द्यावयाचे हे एकदा असे ठरले की त्याची सवय लागते, आणि शहरांच्या सवयी माणसांच्या सवयींपेक्षा फार चिवट असतात.

ह्या सवयीला अपवाद म्हणून एका इंग्रज अधिकाऱ्याचे नाव घेतले पाहिजे. फ्रान्सिस व्हाइट एलिस हा मद्रासचा कलेक्टर. तमिळ, तेलुगू, कन्नड ह्या भाषा संस्कृतोद्भव नसून त्यांचे एक स्वतंत्र कुळ आहे, हा सिद्धान्त त्याने १८१६ मध्येच मांडला होता. १८१८ साली शहरात पाण्याचे दुर्भिक्ष पडले तेव्हा त्याने २७ विहिरी खणविल्या, आणि रायपेट्टा येथील देवळाजवळच्या विहिरीपाशी एक तमिळ शिलालेख बसविला. त्या लेखात तिरुक्कुरळातील जलविषयक एक कुरळ उद्धृत केलेले आहे. सरकारी कामाच्या पाटीवर अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि खर्चाचा आकडा असावयाचा, ही आपली परिचित पद्धत. तिच्यात तिरुवळ्ळुवर आणून बसविणारा कलेक्टर पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, रामनाड येथे मृत्यू पावला. विहिरींना असे दुसरे नाव मग मिळाले नाही.

शहर वाढत गेले तशा विहिरी अपुऱ्या पडल्या. १८५४ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो ह्याने पटकीचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडून दाखविला होता, आणि शुद्ध पाणी हा नगरपालिकेचा विषय आहे ही जाणीव हळूहळू वसाहतींतही पोचत होती. फ्रेझर नावाच्या अभियंत्याने कोसस्थलैयार नदीला तामरैपाक्कम येथे बांध घालून ते पाणी चोळवरम आणि रेड हिल्स, म्हणजे पुळल, ह्या तलावांत आणावे आणि तेथून उघड्या पाटाने शहराच्या सीमेवरील किल्पाक येथे पोचवावे अशी योजना आखली. १८७२ साली हे पाणी शहरात आले. त्यापुढे सगळे काम उतारावर सोपविलेले होते. पाणी गाळलेले नव्हते आणि पंपाने वर चढविलेलेही नव्हते; त्यामुळे नळाच्या तोंडाशी राहणाऱ्याला धार मिळे आणि शेपटाशी राहणाऱ्याला नळाचा आवाज. आपल्याकडील पाटबंधाऱ्यांचे शेतकरी ज्याला ‘टेलचा माणूस’ म्हणतात, तो मद्रास शहरात तेव्हापासून आहे.

गाळलेल्या पाण्यासाठी आणखी ४२ वर्षे जावी लागली. मध्यंतरी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख ह्याने कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले होते. १९१४ साली किल्पाक येथे वाळूच्या थरांतून पाणी गाळण्याची व्यवस्था सुरू झाली. रेड हिल्सपासूनचा उघडा पाट जाऊन बंद नळ आला. ही योजना मोठी विचारपूर्वक केलेली होती. आखणाऱ्यांनी पुढील अर्धशतकाचा हिशेब मांडला होता: १९६१ साली शहराची लोकसंख्या ६ लक्ष ६० हजार होईल, आणि दरडोई दररोज २५ गॅलन पाणी द्यावे लागेल. १९६१ उजाडले तेव्हा शिरगणतीत मद्रासची वस्ती १७ लक्षांवर भरली. सरकारी अंदाज चुकतात ह्यात नवल नाही. पण येथे चुकीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. साडेसहा लाखांसाठी टाकलेले नळ ज्या पेठांतून गेले होते त्या पेठा पाणी पीतच राहिल्या. हिशेबाबाहेरची दहा-अकरा लाख माणसे जेथे राहावयास गेली, कूवमच्या काठी, रेल्वेच्या कडेला, कापडगिरण्यांच्या आसपास, तेथे नळच नव्हता किंवा शंभर बिऱ्हाडांना मिळून एक होता.

पाण्यातील विषमता केवळ नळाच्या लांबीची नव्हती. जातीचीही होती, आणि ती नळापेक्षा कितीतरी जुनी होती. मद्रास इलाख्यातील खेड्यांत अस्पृश्यांच्या वस्तीला ‘चेरी’ म्हणत. ती गावाबाहेर असे आणि गावची विहीर तिला बंद असे. १९२४ साली रेट्टमलै श्रीनिवासन ह्यांनी मद्रासच्या कायदेमंडळात सार्वजनिक रस्ते, विहिरी आणि तळी सर्व जातींना खुली असावीत असा ठराव मांडला आणि तो संमत झाला. मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादुर बोले ह्यांचा अशाच आशयाचा ठराव त्याआधी एक वर्ष, १९२३ मध्ये, मंजूर झाला होता. ठराव कागदावर राहतो आणि पाणी तळ्यातच राहते, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते कायद्याने आधीच दिलेले पाणी ओंजळीत घेण्यासाठी; आणि त्या ओंजळीवर न्यायालयाचे शिक्कामोर्तब होण्यास मार्च १९३७ उजाडावे लागले. नळाने ह्या बाबतीत एक उपकार निश्चित केला. मुंबई-पुण्यात सोवळ्या घरांनी नळाच्या चामडी वायसराचे निमित्त करून काही काळ तोंड फिरविले खरे, परंतु एकाच नळाचे पाणी सर्व घरांत जाऊ लागले की कोणाच्या स्पर्शाचे पाणी कोणते, हे ठरविणे कठीण होऊन बसते.

स्वातंत्र्याच्या सुमारास मद्रासला मिळालेला मोठा आधार म्हणजे पूंडीचा जलाशय. शहरापासून सुमारे साठ किलोमीटरवर, कोसस्थलैयार नदीवर, तो १९४४ साली पुरा झाला. एस. सत्यमूर्ती हे १९३९-४० मध्ये मद्रासचे महापौर होते. काँग्रेसचे हे नामांकित वक्ते. पण पाण्याचा प्रश्न त्यांनी वक्तृत्वावर सोडला नाही. युद्धाच्या दिवसांत, पैशाची आणि सामानाची ओढ असताना, परक्या सरकारकडून त्यांनी ह्या कामाला मंजुरी मिळविली. १९४० मध्ये पायाभरणी झाली. जलाशय भरलेला पाहावयास सत्यमूर्ती राहिले नाहीत. १९४३ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. जलाशयाला त्यांचे नाव आहे.

पूंडीनंतर पाणी शोधणाऱ्यांची नजर दोन दिशांना गेली: खाली आणि लांब. १९६९ पासून शहराच्या उत्तरेला मिंजूरच्या बाजूस खोल विहिरी घेऊन भूगर्भातील गोड पाणी उपसण्यास सुरुवात झाली. समुद्रकिनाऱ्यावर असे करताना निसर्गाचा एक नियम सांभाळावा लागतो. जमिनीखाली गोडे पाणी आणि खारे पाणी एकमेकांना रेटून उभी असतात. गोडे काढून घेतले की खारे आत सरकते. मिंजूरला ते कित्येक किलोमीटर आत सरकले. उपसलेले पाणी कारखान्यांनी आणि शहराने वापरले, आणि खारावलेल्या विहिरी शेतकऱ्यांच्या वाट्याला आल्या. पुढे त्याच मिंजूरजवळ २०१० साली समुद्राचे पाणी गोड करणारा मोठा कारखाना उभा राहिला. तो दररोज दहा कोटी लिटर पाणी देतो. दक्षिणेला नेम्मेली येथे २०१३ साली दुसरा आणि २०२४ साली तिसरा सुरू झाला.

लांबची नजर पडली ती वीराणम तलावावर. हा दहाव्या शतकातील चोळ राजांच्या काळचा तलाव, चेन्नईपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दक्षिणेला, कावेरीच्या पाण्यावर भरणारा. तेथून मद्रासला पाणी आणण्याची पहिली योजना १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि मध्येच बंद पडली. राहिले ते नळ: माणूस उभा राहील एवढ्या व्यासाचे, रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षे पडून असलेले. ज्यांना घर नव्हते अशा कुटुंबांनी त्यांत संसार थाटले. पाणी वाहण्यासाठी केलेल्या नळात माणसे राहात होती, आणि ती माणसे पाणी भरण्यासाठी घागर घेऊन दुसरीकडे जात होती. अखेर नवी वीराणम योजना २००४ साली पुरी झाली. २३५ किलोमीटर लांबीच्या नळातून शहराला दररोज १८ कोटी लिटर पाणी मिळण्याची सोय झाली.

ह्या सर्व योजनांच्या आकड्यांत शहरातील एका रोजच्या दृश्याची नोंद सापडत नाही. वस्तीच्या तोंडाशी महामंडळाचा टँकर येऊन थांबतो, आणि लाल, निळ्या, पिवळ्या प्लास्टिकच्या घड्यांची रांग लागते. रांगेत बहुधा स्त्रियाच असतात. ज्याच्या घराखाली हौद आणि हौदावर मोटार आहे, त्याच्या दारी पाणी रात्री दोनला आले काय आणि दुपारी बाराला आले काय, ते त्याच्या झोपेत भरले जाते. ज्याच्याजवळ पाच घडेच आहेत त्याला टँकरच्या वेळेला घरी हजर राहावे लागते. म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. अलीकडेपर्यंत शहरातील बहुतांश घरगुती नळांना मीटर नव्हते. कितीही पाणी घेतले तरी आकार ठरलेला. उलट खाजगी गाडीवाल्याकडून घडा भरून घेणारा प्रत्येक घड्याचे पैसे मोजतो. पाण्याच्या बाबतीत गरीब मनुष्य श्रीमंतापेक्षा महाग जिन्नस घेतो, ही गोष्ट चेन्नईपुरतीच खरी नाही. नैरोबीपासून लिमापर्यंतच्या झोपडवस्त्यांत तेच चालते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली जगातील सुमारे २२० कोटी लोकांना घरच्या घरी, हवे तेव्हा आणि निर्धोक असे पाणी मिळत नव्हते. संयुक्त राष्ट्रसंघाने पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव त्याआधी बारा वर्षे, जुलै २०१० मध्येच केला होता.

२०१८ चा ईशान्य मोसमी पाऊस फार तुटका पडला, आणि १९ जून २०१९ च्या सुमारास पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले. चारच वर्षांपूर्वी, डिसेंबर २०१५ मध्ये, ह्याच शहरात महापुराने शेकडो माणसे मेली होती. २०१९ च्या त्या उन्हाळ्यात हॉटेले बंद राहिली, कार्यालयांनी नोकरांना घरूनच काम करावयास सांगितले, आणि १२ जुलैला जोलारपेट्टै येथून पहिली पाण्याची रेल्वेगाडी विल्लिवाक्कमला आली. पन्नास वाघिणी, २५ लक्ष लिटर पाणी. गाडीला केळीचे खांब आणि फुलांच्या माळा होत्या. शहराची रोजची गरज ऐंशी कोटी लिटरांच्या घरात. त्या मानाने हे पाणी म्हणजे आचमन. जोलारपेट्टैच्या बाजूच्या लोकांचा ह्याला विरोध होता, कारण त्यांच्या तालुक्यातही पाणी मुबलक नव्हते.

मराठी माणसाला अशी गाडी नवी नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याच्या वाघिणी गेल्या होत्या. पहिल्या गाडीत पाच लक्ष लिटर आणि नंतर चेन्नईच्या गाडीइतकेच पंचवीस लक्ष. ते पाणी कृष्णाकाठचे होते, आणि कृष्णेचा चेन्नईशी असलेला संबंध तर त्याहून जुना आहे. महाबळेश्वरी उगम पावणारी, वाई, कऱ्हाड, सांगली करीत पूर्वेकडे जाणारी ही नदी मद्रासच्या पंचक्रोशीत कोठेच येत नाही. परंतु १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश ह्या तीन राज्यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी पाच अब्ज घनफूट पाणी मद्रास शहराला पिण्यासाठी द्यावयाचे मान्य केले. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेला वाटा ५६० अब्ज घनफुटांचा. त्यातील हे पाच. शेकडा एकाहूनही कमी. ज्या राज्यातील माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके कृष्णेच्याच खोऱ्यात असूनही तहानलेले होते आणि ज्यांना म्हैसाळ-टेंभूच्या उपसा योजनांचे पाणी दिसावयास पुढे कित्येक वर्षे लागावयाची होती, त्या राज्याने हे दिले, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

१९५०च्या दशकाच्या आरंभी मद्रास शहर कोणाचे ह्यावरून तेलुगू आणि तमिळ भाषिकांत कडाक्याचे भांडण झाले होते. तीस वर्षांनी, एप्रिल १९८३ मध्ये, त्याच दोन राज्यांनी कृष्णेचे पाणी श्रीशैलम, सोमशिला, कंडलेरू असे टप्प्याटप्प्याने पूंडीच्या जलाशयात आणण्याचा करार केला आणि योजनेला ‘तेलुगू गंगा’ असे नाव ठेवले. पंधरा अब्ज घनफुटांपैकी तीन वाटेत आटून-मुरून जाणार, बारा तमिळनाडूच्या सरहद्दीवर मोजून द्यावयाचे. सप्टेंबर १९९६ मध्ये पहिले पाणी सरहद्दीवर पोचले. त्याच वर्षी मद्रासचे चेन्नई झाले. कालवा मातीचा होता, तो ठिकठिकाणी ढासळला. पुढे पुट्टपर्तीच्या सत्य साई न्यासाने स्वतःच्या खर्चाने त्याचे मोठ्या प्रमाणावर अस्तरीकरण करून दिले आणि पाणी वाढले. तरीही ठरलेले बारा अब्ज घनफूट पुरे मिळाले नाहीत, असेच बहुतेक वर्षी घडत आले. वरच्या धरणांत साठा नसला तर पाणी सुटत नाही, आणि सुटले तरी वाटेवर कालव्याच्या दोन्ही बाजूंना आंध्रातील शेते आहेत. रायलसीमा आणि नेल्लूरकडील ह्या मुलखाला दुष्काळ काय असतो हे शिकविण्याची गरज नाही. कंडलेरूपासून पूंडीपर्यंत दीडशे किलोमीटरहून अधिक लांबीचा हा कालवा त्यांच्या बांधाला लागून जातो. पाणी डोळ्यांसमोरून वाहते आणि कागदोपत्री ते चेन्नईच्या पिण्याचे असते. रात्री तेथे काठावर मोटारी बसतात, कालव्यात नळ्या पडतात, आणि सकाळी सरहद्दीवरच्या मोजणीच्या जागी पाणी कमी भरते. तमिळनाडूचे अधिकारी तक्रारीचे पत्र लिहितात, आंध्रचे अधिकारी गस्त घालतात, आणि नळ्या काही दिवस काठावर गुंडाळून ठेवलेल्या असतात.